एकच ‘जणू’

प्रिय हेस्टर,

हे पत्र तुझ्या फोनमधली ती बाई वाचून दाखवेल, वाण्याच्या यादीसारखं, एका सुरात. तेच बरं. माझ्या आवाजात असतं तर अर्ध्यावर बंद केलं असतंस. आठ महिने झाले मला कॅलोहून पळून. पळूनच म्हणते, कारण शेगडीवर तुझं भोपळ्याचं सूप होतं, तू मला ते ढवळायला सांगितलं होतंस आणि मी डाव खाली ठेवून बस पकडली. करपलं असणार. त्याचीही माफी मागायची आहे, पण पत्र त्यासाठी नाही.

सध्या मी कॉफिन बेला कालवं फोडते. त्याआधी चेरीच्या बागेत होते, त्याआधी एका बोटीवर स्वयंपाकाला. मला बोट लागते हे मात्र बोटीवर गेल्यावरच कळलं. इथे वारा इतका, की टोपी घालून निघालेला माणूस परत येतो तो बोडका. पेलिकन धक्क्यावर बसलेले असतात, जणू... नाही, थांबते. तुझा हात पाठीवर बसल्यासारखं झालं. ‘जणू’ शब्द तू आपल्या खिडकीत बंद केला होतास. खिडकी म्हणजे हॉलच्या मागची ती काचेची खोली, जिथे बसून मी माइकवर बोलायचे आणि तुझ्यासारख्या आंधळ्या प्रेक्षकांना कानात ऐकू जायचं की स्टेजवर कोण उठलं, कोण बसलं. दिसेल ते सांग, वाटेल ते सांगू नकोस. तुझा हा एकच नियम होता, आणि मी तो एकदाच मोडला, तोही तुला वाटतो तिथे नाही.

आपली पहिली भेट आठवते? मी कॅलोच्या हॉलमध्ये शिरले ती संडास शोधत. तू कौन्सिलच्या माणसाला झापत होतीस. “प्रेक्षकांत यायला उतार बांधलाय, उपकार झाले. पण माझ्या नटांना स्टेजवर जायचंय. व्हीलचेअरसकट काय क्रेनने उचलू त्यांना?” तो बिचारा म्हणाला, तुमचे हे उपचार फार कौतुकास्पद आहेत. तू म्हणालीस, “उपचार आजाऱ्यांना लागतात. आम्हाला तालमीला जागा लागते.” मग माझ्याकडे तोंड वळवून, “आणि ही दारात धापा टाकणारी कोण? ए, बघ गं, त्याचा चेहरा कसा झालाय.” मी म्हणाले, उकडलेल्या बिटासारखा. तू हसलीस आणि लगेच कडक झालीस. “उपमा नको. काय दिसतंय?” लाल दिसतोय. मानही लाल. “आता जमलं. संडास डावीकडे. उद्यापासून ये.” कुठल्याच शाळेने मला दुसऱ्या दिवशी इतकं आवर्जून बोलावलं नव्हतं.

ती सात स्टुलं स्टेजखाली सापडली तेव्हा मीच ती पुसली. कॅलोमध्ये पूर्वी ‘वेडी’ ठरवलेली माणसं कोंडून ठेवायचे तेव्हाची. प्रत्येकाच्या खाली आकडा कोरलेला. आपले नट सहा. तू म्हणालीस सातवं राहू दे, रिकामं. नाटकही साधंच होतं, कोंडलेली सहा माणसं जेवणाच्या घंटेची वाट बघतात. पहिला प्रयोग जुलैत, तिकडच्या ऐन थंडीत, दुपारी दोनचा. त्याआधी रीतीप्रमाणे आंधळ्या प्रेक्षकांना स्टेजवर नेलं, स्टुलं, वाडगे, कपडे हाताने बघू दिले. म्हातारे प्रूइट सातव्या स्टुलावर तळवा ठेवून म्हणाले, “हे गरम आहे. आत्ता कोण उठलं इथून?” कोणीच उठलेलं नव्हतं. मी म्हणाले हीटरची झळ असेल. हीटर दुसऱ्या टोकाला होता.

पडदा उघडला आणि सातव्या स्टुलावर बाई बसलेली. मला काहीच वाटलं नाही, हेस्टर. तू आदल्या रात्री नाटक बदलून सकाळी कोणालाच न सांगणारी. मला वाटलं नवी नटी आणलीय. मी सांगून टाकलं. सातव्या स्टुलावर राखाडी स्वेटरातली बाई. वय पन्नाशीचं. केस कानापर्यंत कापलेले, एका बाजूला जास्त. दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन हातांवर बसलीय. हलत नाही. प्रयोगानंतर प्रूइट सगळ्यांसमोर म्हणाले, “ती हातांवर बसणारी कोण? सगळ्यांत भारी काम तिचं. एक शब्द बोलली नाही, तरी मी तिचंच ऐकत बसलो.” सगळे हसले, म्हाताऱ्याला डुलकी लागली असेल म्हणाले. मी हसले नाही, कारण प्रूइटना ती मीच दाखवली होती. तूही हसली नाहीस.

हॉलच्या स्वयंपाकघरात तू मला गाठलंस. “तळवे खाली की वर?” एवढंच विचारलंस. मी म्हणाले खाली. तू खुर्ची चाचपडत बसलीस. तुला त्या हॉलमध्ये कधीच काही चाचपडावं लागत नाही. मग तू एल्सीबद्दल सांगितलंस, तुझ्या आईच्या थोरल्या बहिणीबद्दल. बहिरी होती, दोन वर्षं शाळेत गेली आणि हातांनी अक्षरं करायला शिकून आली. घरी बाप म्हणायचा, जेवताना हात हलवायचे नाहीत, हातांवर बस. ती टेबलाखाली हात काढून धाकटीला, तुझ्या आईला, तिच्या नावाने हाक मारायची. एक दिवस सहा वर्षांच्या धाकटीने चहाडी केली: बाबा, एल्सी हात हलवतेय. पुढच्याच आठवड्यात अकरा वर्षांच्या एल्सीला कॅलोला पोचवलं. रजिस्टरात तिच्या आल्याची तारीख आहे, गेल्याची नाही. तू म्हणालीस, “म्हातारी आता चौऱ्याऐंशीची आहे. सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, पण रोज एकच विचारते. एल्सी रागावली होती का गं माझ्यावर? मी काय सांगू?” तेव्हा मला कळलं, तुला दुसरे हॉल मिळत असताना तू नेमका तो ओलीने फुगलेला हॉल का धरून बसलीस.

पुढचे तीन प्रयोग तू शेवटच्या रांगेत कानाला यंत्र लावून बसायचीस. ती रोज यायची. पडदा उघडण्याआधी खिडकीत ओल्या लोकरीचा वास यायचा, म्हणून मला आधीच कळायचं. तिसऱ्या दिवशी आपल्या नटांतल्या बहिऱ्या कोराने काय केलं ते तुला सांगितलं होतं. सूपचा वाडगा रांगेतून पुढे सरकतो, कोरा शेवटची. तिने तो सातव्या स्टुलापुढे धरला, थांबली आणि मग खाली ठेवला. तालमीत असं नव्हतं. मी नंतर कागदावर लिहून विचारलं तर तिने खाली लिहिलं, “एकटीनेच प्यायचं बरं दिसलं नाही.” तुला ती दिसली का, असं मी पुढे लिहिलं. कोराने कागद घडी करून खिशात घातला.

शेवटच्या प्रयोगाला होबार्टहून बहिऱ्या लोकांची एक अख्खी बस आली. नाटक संपलं, सहाही नट वाकले, आणि त्या लोकांनी त्यांच्या पद्धतीने टाळ्या वाजवल्या. आवाज नाही. साठ माणसांचे हात डोक्यावर, बोटं पसरलेली, मनगटं फिरताहेत. आणि ती बाई पाच दिवसांत पहिल्यांदा हलली. मी माइक बंद केला. तुझ्या कानात तिथून पुढे दीड मिनिट काहीच आलं नाही. तू जिना चढून वर आलीस, श्वास लागलेला. “शेवटी काय झालं?” मी म्हणाले काही नाही. “ती होती ना?” तेव्हा मी म्हणाले, नव्हती. पाचही दिवस मीच रचली, रिकाम्या स्टुलाचा कंटाळा आला होता म्हणून. तू हात पुढे केलास. मग म्हणालीस, “माइक दे इकडे. आणि खाली जाऊन सूप बघ.” ओरडली असतीस तर मी थांबले असते.

खोटं का बोलले ते सांगते. ती हलली ती माझ्याकडे बघून. स्टेजवरून खिडकी दिसत नाही, दिवे डोळ्यांवर असतात, हे आपल्याला माहीत आहे. तरी तिने माझ्याकडेच बघितलं आणि हातांनी काहीतरी केलं. मला त्यांची भाषा येत नाही. एवढंच समजलं की हे कोणालातरी पोचवायचं आहे आणि ते माझ्या गळ्यात पडतंय. माझ्या गळ्यात काही पडलं की मी बस पकडते. पण या वेळी बरोबर माझे हातही आले. चेरीच्या बागेत भांडी घासताना बघितलं तर माझी बोटं साबणात तेच करत होती. बसमध्ये झोपले की मांडीवर तेच. जाग यायची तेव्हा दोन्ही हात मांड्यांखाली दबून बधिर झालेले असायचे. मी तशी कधीच झोपत नाही.

गेल्या मंगळवारी शेडमध्ये हात धुताना ते पुन्हा सुरू झालं. शेजारी मर्ल म्हणून एक बहिरी बाई कालवं फोडते, पासष्टीची, भलती खडूस. तिने नळ बंद केला, माझी मनगटं धरली आणि भिंतीवरच्या फळ्यावर खडूने लिहिलं, “जुनी पद्धत आहे ही. माझी आजी असं करायची. तुला कोणी शिकवलं?” मी खांदे उडवले. मग तिने माझ्या हातांचं एकेक अक्षर फळ्यावर मांडलं. पाच इंग्रजी अक्षरं. ते एक नाव आहे. बेरिल.

तुझ्या आईचं नाव मी कधी विचारलं नाही, हेस्टर. तू तिला नेहमी म्हातारीच म्हणतेस. आता विचारायची गरजही वाटत नाही. नाटक सप्टेंबरात पुन्हा लागतंय आणि खिडकीत नवीन मुलगी आहे, असं कोराने कळवलं. तिला सांग, ओल्या लोकरीचा वास आला तर घाबरू नकोस, दिसेल ते सांग. नाहीतर ती तिथे बसलेली असेल आणि कोणी सांगणारच नाही. आणि माझ्याकडे राहून गेलेलं ते दीड मिनिट आता घे. फोन म्हातारीच्या उशाशी ने आणि तिलाही ऐकव. बाई प्रेक्षकांच्या वर गेलेल्या हातांकडे बघते. डावा हात मांडीखालून काढते, मग उजवा. तळव्यांवर स्टुलाच्या फळ्यांचे वळ आहेत. हात छातीपुढे आणते. पाच अक्षरं करते. थांबते. तीच पाच अक्षरं पुन्हा करते, या वेळी फार सावकाश, प्रत्येक बोट नीट दाखवत. एकच ‘जणू’ माफ कर: जणू समोर सहा वर्षांची पोर बसली आहे आणि तिला ती नुकतीच अक्षरं शिकवते आहे.

सूप करपवणारी, तरीही तुझीच,
ब्रॉनी