हात मागे

मॅडम,

दुपारपासून मी या खुर्चीतून सात-आठ वेळा तरी उठले असेन. एकदा वीज गेली म्हणून, एकदा आली म्हणून, एकदा उगाचच कपाट उघडून बंद करायला. जीव थाऱ्यावर नाही. कारण समोर टेबलावर पडलंय: एका विद्यार्थिनीचा फॉर्म. आपल्या हॉस्पिटलात मुंबईच्या कॉलेजातून ऑक्युपेशनल थेरपीच्या मुली अजूनही सहा-सहा आठवड्यांसाठी येतात, पेशंटला रोजची कामं पुन्हा स्वतः करायला कसं शिकवायचं ते शिकतात, आणि जाताना आपण त्यांना पास किंवा नापास करून पाठवतो. या मुलीच्या फॉर्मवर तिच्या लेक्चररने लाल शाईत लिहिलंय, 'रुग्णाचे काम स्वतःच करून टाकते. पोस्टिंग पुन्हा करावे.' खाली लेक्चररची सही आहे, शेजारी माझ्या सहीची जागा रिकामी आहे. उद्या सकाळी फॉर्म कॉलेजात जायचाय. मी सही केली की त्या पोरीची या वर्षीची परीक्षा हुकली. नाही केली तर का नाही केली, ते लेक्चररला सांगावं लागेल, आणि तेच मला सांगवत नाही.

सकाळी झालं ते आधी सांगते. होळी गावाकडचे एक आजोबा येतात, भाजीची वाडी आहे त्यांची. अंगावरून वारं गेलं आणि उजवी बाजू लुळी पडली. एका हाताने शर्ट कसा घालायचा ते ही मुलगी त्यांना दहा दिवस शिकवत होती. लुळा हात आधी बाहीत, मग शर्ट पाठीवरून ओढून घ्यायचा, मग चांगला हात, मग बटणं. आज बाह्या कशाबशा झाल्या आणि बटणांशी गाडी अडली. नेमकी तेव्हाच त्यांची सून डबा घेऊन दारात उभी राहिली. वाडीत उघड्या अंगाने वावरणारा माणूस, पण सुनेसमोर असं अर्ध्या शर्टात धडपडताना दिसायचं त्यांना नको होतं. त्यांनी मान फिरवली, त्या गडबडीत शर्ट खांद्यावरून घसरला. मुलगी पुढे झाली आणि तिने भराभर बटणं लावून टाकली. एवढंच घडलं. पण लेक्चरर आजच देखरेखीला आलेली. तिने सगळ्यांसमोर मुलीला झापलं, "तू त्यांचं काम चोरलंस. आता रोज होळीला जाऊन बटणं लावणार आहेस का?" मुलगी म्हणाली, "मॅडम, पण त्यांची सून आली ना. त्यांना कसंतरीच झालं असेल." "कसंतरी तुला झालं, त्यांना नाही," लेक्चरर म्हणाली आणि माझ्याकडे पाहिलं. मूग गिळून बसले असते तरी एक वेळ चाललं असतं. मी चक्क मान डोलावली.

ते 'चोरलंस' तुमचं आहे, मॅडम. मला तोंडपाठ आहे, कारण पहिल्यांदा ते माझ्याच अंगावर आलं होतं. नव्वदीची सुरुवातीची वर्षं. आम्ही नुकतेच लालबागची खोली विकून विरारच्या नव्या बिल्डिंगीत आलो होतो, आणि मी शेवटच्या वर्षाला होते. तुमची खोली हॉस्पिटलच्या मागच्या बाजूला, खिडकीतून केळीची पानं आत यायची. पहिल्याच दिवशी तुम्ही माझ्याच ओढणीने माझा उजवा हात कमरेशी बांधलात आणि माझा डबा उघडून पुढे ठेवलात. "जेव." समोर सात-आठ पेशंट बसलेले, त्यांना तर सिनेमाच. कळंबची एक कोळीण होती, ती ओरडली, "पोरी, भात तोंडात घाल, कानात नको!" सगळे हसले, मीही हसले, आणि मग मला हसू येईना. घरी डावा हात ताटाला लागला तरी आई चापट मारायची. डाव्या हाताने जेवताना अडचण नंतर येते, लाज आधी येते. वरण मनगटावरून कोपरापर्यंत आलं तेव्हा तुम्ही शेजारी येऊन बसलात आणि फक्त मला ऐकू येईल इतकं हळू म्हणालात, "आत्ता काय वाटतंय ते लक्षात ठेव. पेशंटला पहिल्यांदा हेच वाटतं. दुखणंबिखणं मागाहून." मी ते वहीत लिहून ठेवलं होतं. पुढे इतकं काही शिकले की ते वाक्य वहीतच राहिलं.

तीच कळंबची बाई. बोंबील सुकवणारी, बोलायला फटकळ, डावा हात निकामी झालेला. तिला एका हाताने अंबाडा घालायला शिकायचं होतं, दुसरं काही नको. मी समोर बसलेय, मदतीला पुढे जाऊ नयेत म्हणून हात मागे बांधून, तुम्ही सांगितल्याप्रमाणे. ती केस पिळते, सुटतात. पुन्हा पिळते, भिंतीला डोकं टेकून आकडा खोचायला बघते, सुटतात. तिच्या कपाळावर घाम आहे आणि डोळ्यांत पाणी यायला लागलंय. माझ्याने बघवत नाही. मी उठते आणि दोन मिनिटांत छान घट्ट अंबाडा घालून देते. ती माझ्या गालावरून हात फिरवून म्हणते, "देव तुजा भला करो, पोरी." आणि तुम्ही खोलीच्या दुसऱ्या टोकावरून येता, तिच्या केसांतला आकडा काढता आणि तो अंबाडा सोडून टाकता. तिचे केस पाठीवर पडलेले मला अजून दिसतात. "माज्या केसांना हात लावनारी तू कोन?" ती तुमच्यावर कडाडली. तुम्ही तिला उत्तर दिलं नाहीत, मला दिलंत. "तू तिचं काम चोरलंस. उद्यापासून रोज कळंबला जाणार आहेस का केस बांधायला?" तळपायाची आग मस्तकात गेली होती माझ्या. ती बाई दोन दिवस तुमच्याशी बोलली नाही, मी आठ दिवस. पण तिसऱ्या आठवड्यात तिने एका हाताने अंबाडा घातला, आरशात बघितला आणि सगळ्या खोलीला मान वळवून वळवून दाखवला. त्या दिवसापासून मी तुमची झाले. खरं म्हणजे तिथेच माझी चूक झाली असावी. मला त्या अंबाड्यातून एकच गोष्ट दिसली, की कठोर माणूस शेवटी बरोबर ठरतो. अंबाडा सोडताना तुमच्या चेहऱ्यावर काय होतं, ते मी बघितलंच नाही.

पास झाल्यावर तुमच्याच हाताखाली लागले. सात वर्षं. पेशंट वाढत गेले. गोखिवऱ्याच्या गाळ्यांतून मशीनमध्ये बोटं गेलेले कामगार यायचे, नव्या इमारतींच्या जिन्यांवरून पडलेल्या बायका यायच्या. तुम्ही विद्यार्थिनी माझ्याकडे सोपवायला लागलात आणि मी तुमच्याहून कडक झाले. मुली मला पाठीमागे 'हात मागे' म्हणायच्या, मला त्याचं भारी वाटायचं. तुमच्या तोंडून मात्र सात वर्षांत माझ्याबद्दल एकच चांगलं वाक्य निघालं, तेही चहा पिता पिता. "रजिस्टर व्यवस्थित ठेवतेस." मी ते घरी जाऊन आईला सांगितलं होतं. आई म्हणाली, "बस, एवढंच?" मी म्हटलं, त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ झालं.

आणि मग तुम्हालाच वारं गेलं अंगावरून. उजवी बाजू. बोलणं शाबूत राहिलं. तुम्ही भाऊ-वहिनींकडे राहायला गेलात आणि पंधरवड्यातच निरोप धाडलात की विद्यार्थिनींना केस म्हणून मला दाखव, दुसरी आयती कुठे मिळणार. मी एकीला घेऊन आले. तुम्ही पलंगावर गाऊनमध्ये बसला होतात. म्हणालात, "तिला बाहेर बसव. मी साडी नेसते, मग बोलाव. गाऊनवर मी शिकवणार नाही." आणि मी, मॅडम, मी म्हणाले, "उलट हेच बघू दे की तिला. एका हाताने साडी तुमच्याइतकी कोण शिकवणार?" तुम्ही डाव्या हाताने साडी जवळ ओढलीत. शेकडो बायकांना तुम्हीच शिकवलेली युक्ती होती ती: इलॅस्टिकचा परकर, निऱ्या पलंगावर पसरून घालायच्या, चिमट्याने धरायच्या, मग खोचायच्या. ती मुलगी दाराशी वही घेऊन उभी. मी हात मागे बांधून तुमच्यासमोर. पहिल्यांदा निऱ्या सुटल्या. दुसऱ्यांदा चिमटा पडला. तिसऱ्यांदा सगळी साडीच पायांशी आली आणि तुम्ही परकर-ब्लाउजवर बसून राहिलात, त्या विशीतल्या पोरीसमोर. "पुरे गं आता," तुम्ही म्हणालात. "तू नेसव." मी म्हणाले, "अजून एकदा, मॅडम." "मी सांगतेय ना तुला." "अजून एकदाच." तुमच्या डोळ्यांकडे मी बघत नव्हते, चिमट्याकडे बघत होते. तेव्हा त्या मुलीने वही खाली ठेवली, माझ्या बाजूने पुढे आली, तुमच्याभोवती साडी गुंडाळली, निऱ्या घातल्या, पदराला पिन लावली. तुम्ही डोळे मिटून घेतले होते, लहान मुलाला न्हाऊ घालताना ते मिटतं तसे. झाल्यावर तिचा हात आपल्या डाव्या हातात धरून ठेवलात आणि म्हणालात, "किती मऊ हात आहेत गं तुझे."

हॉस्पिटलात आल्यावर तिला उभं केलं आणि तुमचंच वाक्य सुनावलं. फॉर्मवर लिहिलं, 'भावनेच्या भरात रुग्णाला परावलंबी करते. पोस्टिंग पुन्हा करावे.' ती रडली, सहा आठवडे पुन्हा आली, परीक्षा पुढच्या खेपेला दिली. तुम्ही त्या साडीच्या दिवसानंतर बाराव्या दिवशी गेलात, झोपेतच, दुसऱ्या झटक्याने. मी मधल्या काळात एकदाही आले नाही. कामं होती, असं वहिनींना सांगितलं.

तीच मुलगी आजची लेक्चरर आहे. तुम्ही जाऊन नऊ वर्षं झाली, ती आता कॉलेजात शिकवते, आणि बाकी कुठे जागा असली तरी आपल्या विद्यार्थिनी हट्टाने माझ्याकडे पाठवते. सकाळचा तो प्रकार झाल्यावर आम्ही चहा घेत होतो, तर म्हणते कशी, "मॅडम, तुम्ही मला नापास केलं नसतं ना, तर मी जन्मभर पेशंटना कडेवर घेऊन फिरले असते. मी दर बॅचला सांगते तो किस्सा. साडीचा." मी विचारलं, "काय सांगतेस?" "हेच, की मी कशी चुकले. आजारी माणूस पुरे म्हणतो तेव्हाच खरी परीक्षा असते, असं सांगते." बिस्किट चहात बुडवून ती आनंदाने खात होती. तिचे हात मी पाहिले. बांगडी नाही, नखं कापलेली. मऊ आहेत की नाहीत, मला ठाऊक नाही, मी कधी धरले नाहीत. ते हात तिने आज सबंध सकाळ पाठीमागे बांधून ठेवले होते.

मला आता घरी जायला हवं, पण या खोलीतून पाय निघत नाही. तुम्ही दोन गोष्टी शिकवल्या होत्यात: पेशंटचं काम करू नका, आणि पेशंटला वाटणारी लाज विसरू नका. मी सोपी तेवढी उचलली. लोकांना ती कठीण वाटते. पण हात मागे बांधून उभं राहण्यात काहीच कठीण नसतं, मॅडम, नुसतं उभं राहायचं असतं. तरी हेही मी स्वतःला बरं वाटावं म्हणूनच लिहितेय, कारण त्या दिवशी मी तत्त्वासाठी उभी नव्हते. तिने तुम्हाला मदत केली म्हणून मी तिला नापास केलं नाही. तुम्ही तिचे हात मऊ म्हणालात म्हणून केलं. सात वर्षं तुमच्या हाताखाली काढली आणि माझा हात तुम्ही एकदाही हातात घेतला नाहीत. तिला पाच मिनिटांत. मला तिचा हेवा वाटला, इतका की फॉर्म लिहिताना अक्षर नेहमीपेक्षा सुंदर आलं होतं. त्या हेव्याला मी शिस्त म्हटलं, तिने ती शिस्त मनापासून घेतली, आणि आज ती एका चांगल्या पोरीच्या गळ्यात पडतेय.

आत्ता, हे लिहिता लिहिता, मधे उठून मी फॉर्मचं काम संपवलं. लेक्चररचा शेरा खोडलेला नाही. माझ्या जागी 'पास करावे' लिहून सही केली. दोघींचं जुळलं नाही तर कॉलेज आपल्या हॉस्पिटलचा शेरा धरतं, तेव्हा मुलगी परीक्षेला बसेल. फॉर्मला लेक्चररसाठी एक चिठ्ठी टाचली आहे. तीनच ओळी आहेत. मुलीने आजोबांची अडचण ओळखली, आपलं काम तेच आहे. तुझ्या वेळी मी चुकले होते, तू नाही. का ते सोमवारी येशील तेव्हा समोर बसून सांगेन. पहिल्या दोन ओळी खऱ्या आहेत. सोमवारची मी रजा टाकली आहे.