डचेसचा पुढचा उजवा पाय

३ जून, मंगळवार
आजपासून रोजनिशी. कारण आजपासून मी शिक्षक.
दर मंगळवारी चर्चच्या तळघरात चित्रकलेचा वर्ग. ही सगळी घरीच शिकणारी मुलं. गणित, इतिहास, बायबल, कोंबड्या पाळणं, सगळं त्यांच्या आया शिकवतात. चित्रकलेपाशी गाडी अडली. म्हणून रोवेना हॉस्टेटलर घरी आली होती. मुलांचं वेळापत्रक तीच लावते. म्हणाली, एल्डन, तुमचं सगळं आयुष्य रंगांत गेलं ना?
गेलं. मार्लिस आतून ओरडली, भिंतींच्या रंगांत! रंगाच्या दुकानात होता तो!
बायकोने हे सांगायची गरज नव्हती. आर्ट कॉलेजात मी एक वर्ष होतो, ते मात्र तिने सांगितलं नाही.
पहिल्याच दिवशी तत्त्व ठरवलं. मुलांच्या चित्राला हात लावायचा नाही. प्रतिभा आपोआप उमलू द्यायची.

१० जून
वर्ग उत्तम. एका पोराने आकाश कोरंच सोडलं होतं. ढग कसा काढतात ते दाखवलं. त्याच्याच कागदावर दाखवलं, कारण दुसरा कागद हाताशी नव्हता. हात लावणं वेगळं, दाखवणं वेगळं.

१७ जून
रोवेनाची मुलगी टर्झा. वय नऊ. बोलणं मोजकं. घोडी काढते आहे. मी विचारलं, कुठली? उत्तर तिच्या धाकट्या भावाने दिलं. जुबालला काहीही विचारावं लागत नाही. डचेस, आमची घोडी, मेली, सफरचंदाच्या झाडामागे पुरली, बाबा रडले, पण सांगू नका म्हणाले.
टर्झाने मान वर केली नाही. रंगवत राहिली.
चित्र खरंच चांगलं. डोळा तर असा की मला थोडा हेवा वाटला. (वाटला नाही. कौतुक वाटलं.) फक्त पुढचा उजवा पाय साफ चुकलेला. गुडघ्यापासून बाहेर वळलेला, खुंटीला टांगलेल्या कोटाच्या बाहीसारखा. मी काही बोललो नाही. तत्त्व.

२४ जून
वर्गात जाहीर केलं, सगळी चित्रं काउंटीच्या जत्रेतल्या मुलांच्या चित्रस्पर्धेला पाठवायची. फ्रेमा मी करणार, माझ्या गॅरेजमध्ये. मुलं खूश. रोवेना म्हणाली, एवढं कशाला, एल्डन? घरी मार्लिस म्हणाली, तुला कोणी सांगितलं होतं?
कोणी नाही. यालाच पुढाकार म्हणतात.

८ जुलै, दुपारी
गॅरेज. भयंकर उकाडा. चित्रं नीट कापली, पुठ्ठ्यावर चिकटवली. टर्झाची घोडी शेवटी घेतली.
तो पाय. जत्रेत शेकडो माणसं बघणार. टारगट पोरं हसणार. नऊ वर्षांची पोर, त्यात घोडी नुकतीच गेलेली. तिला हे सोसेल का? मोठ्या माणसाची काही जबाबदारी असते की नाही?
थोडासाच सरळ केला. मग खूर छोटा वाटायला लागला. मग सावली. सावलीशिवाय पाय हवेत राहतो.
सुंदर झाला. अगदी सहज झाला. हात अजून आहे माझा.

८ जुलै, संध्याकाळी
मार्लिसला सांगितलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं.
जेवताना तिने विचारलं, बोटांना तपकिरी काय लागलंय? म्हणालो, दाराचं पॉलिश.
म्हणजे विचारलं.

१६ जुलै
पहिला नंबर! निळी रिबन! टर्झाच्या घोडीला!
परीक्षक बाईंनी खाली चिठ्ठी लावली होती. 'एवढ्या लहान वयात फार चांगली समज. विशेषतः पुढच्या उजव्या पायाचं काम.'
मला इतका आनंद झाला की मी लिंबाचं सरबत सांडलं. ती चिठ्ठी पुन्हा वाचून आलो. मग पुन्हा. मग जरा बाजूला उभा राहून लोकांना वाचताना पाहिलं.
तेवढ्यात हॉस्टेटलर मंडळी आली. टर्झा चित्रासमोर उभी राहिली. रिबनकडे बघितलंच नाही. काचेला नाक लावून बराच वेळ बघत होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, सर, ही डचेस नाही.
जुबाल म्हणाला, डचेसचा पाय वाकडा होता. लहानपणी मोडला आणि तसाच जुळला. म्हणून ती अशी चालायची. आणि तो तिथेच, डुकरांच्या प्रदर्शनाच्या रांगेत, लंगडत चालून दाखवायला लागला.
सांगायला हवं होतं. तोंड उघडलं आणि म्हणालो, बाळा, काचेमुळे. काच लावली की चित्र थोडं वेगळं दिसतं.
तिने पुन्हा बघितलं. म्हणाली, हो का?
म्हणालो, हो.

१७ जुलै
एका दृष्टीने पाहिलं तर काच लावल्यावर चित्र वेगळं दिसतंच. चकाकी येते.

२२ जुलै
वर्ग. आज कोणाच्याही कागदाला हात लावला नाही. हात खिशात ठेवून फिरलो. अगदी सोपं आहे.
टर्झाने काहीच काढलं नाही. म्हणालो, पहिला नंबर आलेली मुलगी रिकामी बसते का? (असं का म्हणालो?) ती म्हणाली, सर, मला वाटतं मला चुकीचं आठवतं. डचेसचा पाय मला वाकडा आठवतो, पण चित्रात सरळ आहे. आणि चित्र तर मीच काढलंय. मग कुठला खरा?
मी म्हणालो, पेन्सिली धुवायच्या राहिल्यात.
पेन्सिली धुवत नाहीत. तिलाही ते माहीत होतं. तरी ती उठून गेली.

२३ जुलै
जेवण गेलं नाही. मार्लिसने कपाळाला हात लावून पाहिला. नर्स होती ती, ताप नसला की तिला संशय येतो.
निर्णय: उद्या हॉस्टेटलरांच्या शेतावर जायचं आणि सगळं सांगायचं.

२४ जुलै
गवत कापायचं होतं.

२९ जुलै
वर्गाला सुट्टी दिली. सर्दी. (नाही.)

२ ऑगस्ट
गेलो. खरंच गेलो. गाडीत भाषण पाठ केलं होतं. 'रोवेना, टर्झा, मी आज एक माणूस म्हणून आलो आहे.' सुरुवात चांगली आहे.
रोवेना अंगणात भाजी निवडत होती. म्हणाली, या, या, बरं झालं आलात, झुकिनी नेणार ना? यंदा उतू चाललीय. मी एक माणूस म्हणून आलो होतो आणि झुकिनीची टोपली घेऊन परत आलो. वर बदल्यात टर्झाच्या रिबनचं कौतुकही करून आलो.
चित्र त्यांच्या स्वयंपाकघरात लावलं आहे. टर्झा त्याच्याकडे पाठ करून बसते.

३ ऑगस्ट
झुकिनीचा ब्रेड. मार्लिसने सुरी खाली ठेवली आणि म्हणाली, एल्डन, बोल.
बोललो. सगळं. उकाड्यापासून सुरुवात केली. ती म्हणाली, उकाडा राहू दे. मग पायापासून सांगितलं. मग काचेचं.
काचेचं ऐकल्यावर तिने ब्रेडची ताटली बाजूला सारली. मग एवढंच म्हणाली, ती मुलगी आता स्वतःच्या मेलेल्या घोडीलाच ओळखेनाशी झालीय रे.
माझ्या बाजूने दोन-तीन मुद्दे होते. मांडले नाहीत.

९ ऑगस्ट
मार्लिस गाडी चालवत होती, त्यामुळे या वेळी परत फिरता आलं नाही.
भाषण विसरलो. टर्झा कोंबड्यांना दाणे टाकत होती. म्हणालो, टर्झा, पाय मी बदलला. तू बरोबर काढला होतास. मला वाटलं चुकलाय, म्हणून तुला न विचारता मी सरळ केला.
ती म्हणाली, मग काचेमुळे नाही?
म्हणालो, नाही. ते मी खोटं सांगितलं. घाबरलो होतो.
मला वाटलं रडेल, चिडेल, निदान दाणे फेकून मारेल. मी तयार होतो. ती म्हणाली, म्हणजे मला बरोबर आठवतंय? आणि माझं उत्तर न ऐकताच धावत सुटली. जुबाल, जुबाल, वाकडाच होता! मला बरोबर आठवतंय! वाकडाच होता! कोठाराच्या मागून आवाज येत राहिला. जुबालचंही ऐकू आलं, मी सांगत होतोच की!
मी कोंबड्यांमध्ये उभा. माफी मागायची राहूनच गेली. ऐकायला कोणी थांबलंच नाही.
थांबली होती ती रोवेना. सगळं ऐकलं होतं तिने. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. म्हणाली, पाय बदललात ते मी समजू शकते, एल्डन. तुम्हाला राहवत नाही. पण माझी लेक तुम्हाला सरळ विचारायला आली होती. मग एवढे दिवस रात्री झोपताना ती मला विचारत होती, आई, अजून काय काय मला चुकीचं आठवतंय?
मी मान खाली घातली. खरोखरची. एरवी घालतो ती नव्हे.
निघताना टर्झा गाडीपाशी आली. खिडकीतून निळी रिबन माझ्या हातात दिली. टोमणा नव्हता त्यात, अगदी साध्या आवाजात म्हणाली, ही तुमची आहे सर. त्यांना पाय आवडला होता.

१० ऑगस्ट
परीक्षक बाईंना फोन करून खरं सांगितलं. बराच वेळ त्यांना कळेना मी मूल आहे की शिक्षक.
मार्लिसने रिबन फ्रिजवर लावली आहे. काढ म्हणालो. म्हणाली, का? बक्षीस आहे तुझं. दूध घ्यायला गेलं की दिसते. चहा कोराच पितो आहे.

२ सप्टेंबर
वर्ग पुन्हा सुरू. रोवेनाने विचारून विचारून शेजारच्या गावातली एक तरुण मुलगी आणली. ती मुलांना फक्त कागद देते आणि स्वतः शांतपणे विणत बसते. मला वाटतं तिला काही येत नाही.
मला येऊ दिलंय, हेच खूप. काम: पाणी बदलणं, ब्रश धुणं.
निर्णय: ब्रश उत्तम धुवायचे.

९ सप्टेंबर
जुबालने बदक काढलं होतं. चांगलं गुबगुबीत. पाय विसरला होता. तो पाणी प्यायला गेला होता, आणि माझ्या हातात ब्रश होता, कारण मी तो धुवायला नेत होतो.
एकच पाय काढला.
या वेळी मात्र लगेच सांगितलं. तो येताक्षणी. याची नोंद व्हावी.
जुबाल कागदाकडे बघत राहिला. म्हणाला, सर, ते पोहतंय. मग सबंध तळघराला ऐकू जाईल असा ओरडला, टर्झाऽ! यांनी परत केलं!
सगळ्या मुलांनी माना वळवल्या. विणणाऱ्या मुलीनेही. टर्झा उठून आली, बदक बघितलं, मला बघितलं. मग एक खुर्ची ओढली, लहान मुलांची, बुटकी. समोर कोरा कागद ठेवला, रंग ठेवले. म्हणाली, सर, तुम्हाला काढावंसं वाटतं ना? मग तुमचं काढा.
बसलो. गुडघे हनुवटीला लागत होते. बाकीची मुलं आपापल्या कामाला लागली. कोणी माझ्याकडे बघतही नव्हतं.
काय काढावं ते सुचेना. शेजारी कोणी काय काढलंय ते बघून घेतलं. तरी सुचेना.
वर्ग सुटला तेव्हा कागद कोराच होता. टर्झाने तो उचलला, मागेपुढे बघितला आणि इतरांच्या चित्रांबरोबर वाळत घातला.