एकच क्रीम, दोन डब्या

मंगळवार, संध्याकाळ

आज शिरोलीच्या कारखान्यात नव्या क्रीमच्या डब्यांवरचा मजकूर ठरला. आत क्रीम एकच. पुरुषांच्या डबीवर मी 'उन्हानं रापलेल्या चेहऱ्यासाठी' लिहिलं होतं, बायकांच्याही तेच. मालकांनी बायकांचं खोडून 'चेहऱ्यावरच्या डागांसाठी' केलं. मी म्हटलं, "ऊन बायकांनाही लागतंच की." ते म्हणाले, "बाईला आधी लाज वाटाय पाहिजे, मग ती डबी घेत्या." मग माझ्या गालावरच्या वांगाकडं बघत म्हणाले, "मॅडम, 'आधी'च्या फोटोला तुम्हीच उभं ऱ्हावा की." सगळे हसले. मीही हसले. का हसले मी? फोटोही काढू दिला. सकाळपर्यंत ते वांगच होतं, आता आरशात डाग दिसतोय.

नवऱ्याला सांगितलं. मोबाइलमधून डोकं वर न काढता त्यानं विचारलं, "आणि 'नंतर'च्या फोटोला कोण हाय?"