तांबडी एमजी विकायची नाही

मी, श्रीमती राजलक्ष्मी विजयसिंह जगताप, वय ७१, राहणार पणदरे, तालुका बारामती, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हे वाक्य इतर लोक रीत म्हणून लिहितात. मला ते माझ्या मुलामुळे लिहावे लागते आहे, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. आणणारे घरातच होते, त्यांचे काही चालले नाही.

१. राहते घर व उसाची जमीन यांतला माझा हिस्सा मुलगा यशराज यास देते. तेवढ्याने त्याचे समाधान होईल अशी मला आशा नाही.

२. घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमधली इंग्लंडात बनलेली एमजी गाडी, रंग तांबडा, दोन सीटांची, उघड्या टपाची, ही माझे स्त्रीधन आहे. साखर कारखान्यावर यंत्रे बसवायला आलेला एक इंग्रज इंजिनिअर मायदेशी परतताना ती माझे वडील हिंदुराव भापकर, म्हणजे आमचे आबा, यांनी घेतली. लोणी भापकरच्या माळावर आबांनी मला तिच्यावर गाडी शिकवली आणि लग्नात ती माझ्या नावावर करून दिली.

सासरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात माझे पती विजयसिंह यांनी चावी मागून घेतली. "बाईमाणसानं उघड्या गाडीत बसून गावातनं फिरायचं न्हाय," म्हणाले. स्वतः मात्र मित्रांना घेऊन फिरले. शेवटी दारू पिऊन ती त्यांनी ओढ्याच्या पुलाच्या कठड्यावर घातली. पुढचा सगळा पत्रा चेपला. त्यांना खरचटलेसुद्धा नाही. गाडी गोठ्यात गेली, वर कडबा रचला, सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. ते वारेपर्यंत मी रोज तिच्याशेजारी धारा काढल्या. त्यांच्या फोटोला मी हार घालते तो लोकांसाठी.

तेरावा झाला आणि मी कडबा उपसला. भवानीनगरचे मिस्त्री गोकुळ यांना बोलावले. पत्रा ठोकणे, वायरिंग, इंजिन उतरवून परत चढवणे, यात चार वर्षे गेली. सुटे भाग इंग्लंडहून मागवले, त्यासाठी माझ्या पाटल्या मोडल्या. यशराज या काळात शेडकडे फिरकला नाही. "भंगारात जीव घालवतीयस," एवढे एकदा म्हणाला.

३. गेल्या वर्षी माझ्या मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. डोळ्यावर पट्टी होती तेव्हा यशराजने गाडीचे फोटो काढून इंटरनेटवर विक्रीची जाहिरात दिली. 'आम्ही कुटुंबाने जिवापाड मेहनत घेऊन उभी केलेली गाडी.' फोटोत तो स्टिअरिंगवर आणि सून श्रेया काळा चष्मा लावून बॉनेटला टेकलेली. ते बॉनेट मी पॉलिश केले होते.

मला हे कळले ते पुण्याचे गिऱ्हाईक अंगणात उभे राहिले तेव्हा. पट्टी सुटून बरेच दिवस झाले होते, मी शेंगा वाळत घालत होते.

"मावशी, यशराजसाहेबांची गाडी बघायला आलोय."

"कुणाची गाडी?" मी विचारले.

यशराज धावत आला आणि त्यांना बाजूला घेऊन म्हणाला, "आईचं मनावर घेऊ नका. ऑपरेशनपासनं डोकं ठिकाणावर न्हाय तिचं."

डोळ्याचे ऑपरेशन झाले होते, कानाचे नाही. मी हात धुतले, चावी घेतली आणि त्या गृहस्थांना म्हटले, "बसा." भवानीनगरपर्यंत नेऊन आणले. उतरल्यावर ते यशराजला म्हणाले, "मालकीणबाई विकणार नाहीत. तुम्ही मला उगाच बोलावलंत." आणि निघून गेले.

त्याच दिवशी यशराजने बॅटरी काढून स्वतःच्या कपाटात ठेवली आणि कुलूप लावले. मी मागितली नाही. जेवताना श्रेया त्याला म्हणाली, "गाडी आईंची हाय. बॅटरी जागेवर ठेवा." त्याने ताट ढकलले. ती उठली नाही. "आधी बॅटरी," एवढेच पुन्हा म्हणाली. सकाळी बॅटरी शेडच्या दारात होती.

या घरात माझ्या बाजूने कोणी बोलल्याचे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले. त्या फोटोसाठी मी श्रेयाला माफ केलेले नाही. तरीही ही गाडी, चावी व कागदपत्रे तिला एकटीला देते. तिच्याकडे कॉलेजपासून लायसन आहे आणि लग्न झाल्यापासून तिने गाडी हातात घेतलेली नाही, हे मला ठाऊक आहे. ठेवावी की विकावी हे तिने ठरवावे. यशराजने सल्ला देऊ नये. त्याला कुठे जायचे असेल तर शेजारच्या सीटवर बसावे, श्रेयाने बसू दिले तर.

४. माझे पाने, जॅक व सगळी हत्यारे गोकुळ मिस्त्री यांना द्यावीत. त्यांनी मला कधीही 'तुम्हाला जमणार नाही' असे म्हटले नाही.

५. अग्नी यशराजने द्यावा, तो त्याचा हक्क आहे. मात्र दहाव्याला भावकीसमोर आईची किती सेवा केली हे सांगायला उभे राहू नये. राहिल्यास साक्षीदारांनी कलम ३ मोठ्याने वाचावे.

सही थोडी वाकडी आली आहे, ती वयामुळे. मजकूर मला पाहिजे होता तसाच आहे.

राजलक्ष्मी विजयसिंह जगताप (सही)

आमच्यादेखत बाईंनी वाचून सही केली:
१. झुंबर शिवराम कोकरे, शेजारी, पणदरे (सही)
२. डॉ. अनिता भीमराव शिंदे, बारामती (सही)

ठिकाण: बारामती
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५