पांढऱ्या रंगाखाली

ओरुरो
१४ जानेवारी २०१९

ती. फाउस्तोकाका यांस,
नेल्वाचा नमस्कार.

तुमचं पत्र बसवाल्या डॉन सिप्रियानोने शनिवारी आणून दिलं. सोबतची पीचची पेटीही मिळाली. वरची फळं दबली होती, खालची चांगली निघाली. बेनिताकाकूच्या गुडघ्याला उतार पडला हे वाचून बरं वाटलं. इकडे पाऊस वेळेवर आहे. माझं काम नेहमीसारखं चालू आहे. बाबा उयुनीला आहेत, ठीक आहेत. तुम्ही विचारलं नव्हतं, तरी कळवते.

प्रवासी फिरवायचा धंदा विकून टाकलात, आणि ‘आयुष्यभर परदेशी ग्रिंगोंना डोंगर दाखवले, आता नातीला दाखवीन’ असं लिहिलंत. त्यासाठी जुनी, पण भरवशाची फोर व्हील गाडी हवी, आणि ती मी निवडावी. ‘झालं गेलं विसरून जाऊ, घरात शिकलेली पोर असताना परक्याला कशाला विचारू’ हेही वाचलं. माझं कामच गिऱ्हाइकांसाठी जुन्या गाड्या तपासण्याचं आहे, तेव्हा नाही म्हणायला कारण नाही. जावईबापूंना दाखवायला तुम्हाला सगळं लेखी हवंय, म्हणून लिहूनच देते.

तुम्ही, काकू, तुमची लिझेथ, जावईबापू ग्रोव्हर आणि छोटी डायरा, म्हणजे पाच माणसं. वर तंबू, पाण्याचे कॅन, शेगडी, जादा डिझेल, दोन स्टेपन्या. एवढं वजन घेऊन चार हजार मीटरवर चढायचं तर गाडी दिसायला कशी आहे याला काही अर्थ नाही. साधं डिझेल इंजिन बघा, ज्याचा पंप खेड्यातला मिस्त्रीही खोलू शकेल. मालकाला आदल्या रात्रीपासून इंजिन बंद ठेवायला सांगा आणि सकाळी गारठ्यात स्वतः चालू करून बघा. आपण पोचायच्या आधीच कुणी गाडी गरम करून ठेवली असेल तर तिथूनच मागे फिरायचं. लो गिअर टाकून भुसभुशीत मातीत गोल फिरवा, म्हणजे पुढच्या चाकाचा हब झिजला असेल तर बोलतो. उजवीकडचं स्टिअरिंग डावीकडे आणलेली गाडी घेऊ नका. ते काम कुणी कसं केलंय हे डोंगरउतारावरच कळतं.

आणि चेसिस. मिठाच्या मैदानात राबलेली गाडी वरून नवरीसारखी असते आणि आतून सडते, हे तुम्हाला मी सांगायला नको. चेसिसच्या दांड्याच्या आत बोट घालून बघायचं. बाहेरून ठोकून काही कळत नाही. दांड्यावर कोरलेला नंबरही वाचायचा. कागदाशी जुळतो का एवढंच बघायला नाही. गाडी आधी कुणाच्या हातात होती, ते त्यावरून शोधता येतं.

फेब्रुवारीत या. तीन गाड्या हेरून ठेवते.

लगुना कोलोरादाच्या रस्त्याने जाणार आहात का, तेही कळवा.

आपली पुतणी,
नेल्वा


उयुनी
४ मार्च २०१९, सोमवार

फाउस्तोकाका,

आम्हाला मोटारींच्या तंत्रसंस्थेत शिकवलं होतं की आधी जे दिसलं ते लिहायचं, त्याचा अर्थ नंतर. त्या क्रमानेच लिहिते.

फेब्रुवारीतल्या रविवारी तुम्ही सगळे ओरुरोच्या गाडीबाजारात आलात. डॉन सेवेरोच्या आवारात मी तीन गाड्या दाखवल्या. करड्या गाडीचं स्टिअरिंग बदललेलं होतं, ती तुम्ही दुरूनच नाकारलीत. बरोबर केलंत. हिरव्या गाडीच्या पत्र्याला पोचे होते, सीट फाटल्या होत्या, एक दार दुसऱ्याच गाडीचं होतं. “ही काय मला कोंबड्या न्यायला दाखवतेस होय गं?” असं म्हणालात. मग पांढरी. पांढरीजवळ तुम्ही थांबलात.

मी म्हटलं, “काका, खाली बघा.”

“बघतो ना, इंजिनीयरीणबाई! तुझ्या जन्माआधीपासून गाड्यांखाली झोपतोय मी.” तुम्ही पुठ्ठा अंथरून आत सरकलात. किल्लीने दांडा ठोकलात. बाहेर येऊन हात झटकलेत आणि सगळ्या आवाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, “मीठ? मिठाचा वाससुद्धा नाही! तीस वर्षं मिठात घालवली मी. मिठातली गाडी डोळे मिटून ओळखतो. ही ज्यानं सांभाळली ना, त्याच्या आईला माझा दंडवत सांगा!”

डॉन सेवेरो हसला. “आईला कशाला, गिऱ्हाइकानं मला दंडवत घालावा.”

ग्रोव्हरने बाबांचा विषय काढला, “मामंजी, हिलारिओनकाकांना आणायला हवं होतं. त्यांच्याएवढी गाडी कुणाला कळते?”

“नको रे बाबा. त्याला गाडी दिसली की बाटली आठवते.”

सगळे हसले. लिझेथ हसली नाही, तेवढं मी पाहिलं. मीही हसले नाही, पण मी एरवीही हसत नाही, त्यामुळे तुमच्या लक्षात आलं नसावं. नंबर तुम्ही वाचला नाहीत. दांड्यात बोटही घातलं नाहीत. ‘ठरली. कार्निव्हलच्या मंगळवारी कोचाबांबाला दारात आणून दे, पाहुण्यांसमोर फुलं-दारू वाहून पूजा करू, तूच तिची धर्माची आई हो’ असं सांगून तुम्ही जेवायला गेलात.

दिसलं ते एवढं.

आता जुनं. तुम्हाला ते माहीत आहे, तरी लिहिते, कारण आजवर ते फक्त तुमच्या शब्दांत सांगितलं गेलंय.

नऊ वर्षांपूर्वी बाबा तुमची नारिंगी गाडी घेऊन लगुना कोलोरादाकडे निघाले होते. मागे फ्रेंच प्रवासी, पुढे शेजारी स्वयंपाकीण एउसेबिया. उतारावर गाडी एकाएकी डावीकडे ओढली गेली आणि उलटली. एउसेबिया जागच्या जागी गेली. पोलीस पोचले तेव्हा बाबांचे कपडे दारूने भिजले होते. ती खिंडीत धरणीमातेला वाहायची बाटली होती. आपल्याकडे कुठल्या ड्रायव्हरच्या कप्प्यात ती नसते? त्या सकाळी ती तुम्हीच तिथे ठेवली होती, दर हंगामाला ठेवायचात तशी. गाडी उलटली तेव्हा ती बाबांच्या अंगावर फुटली. हे एका वाक्यात सांगता आलं असतं. तुम्ही मान खाली घालून पोलिसांना सांगितलंत, “भाऊ आहे माझा, काय बोलू? पितो.”

आणि गाडीखाली कुणी वाकून बघायच्या आत तुम्ही ती चल्यापाताच्या भंगारवाल्याला विकलीत.

बाबांचं लायसन गेलं, ड्रायव्हरांच्या संघटनेने नाव काढून टाकलं. उयुनीत ते बाटलीवाला हिलारिओन झाले. घरात बाटली नसते, हे शेजाऱ्यांना माहीत आहे. तरी ते तेच म्हणतात, कारण सख्ख्या भावानेच सांगितलंय.

मी तेव्हा शाळेत होते. पुढे मी हे शिक्षण का घेतलं, याबद्दल तुम्ही नातेवाइकांत कौतुकाने बोलता असं ऐकते. कारण एकच होतं. मला ती गाडी शोधायची होती. तिचा नंबर बाबांना पाठ होता, म्हणून मलाही पाठ आहे. प्रत्येक आवारात, प्रत्येक गाडीखाली मी आधी तो बघायचे. मागच्या पावसाळ्यात ती डॉन सेवेरोकडे आली. रंग पांढरा, बॉनेट आणि मडगार्ड दुसऱ्या गाडीचे, आत नव्या सीटा. दांडा तोच.

होय काका. जिच्या मालकाच्या आईला तुम्ही दंडवत घातलात, ती गाडी तुमची. मी ती मुद्दाम तुमच्यासमोर उभी केली. तुम्ही ओळखता का, एवढंच मला बघायचं होतं. ओळखली असतीत आणि नुसते गप्प झाला असतात, तरी मला कदाचित पुरलं असतं.

यापुढचं लिहायला अवघड आहे. ठरवलं असं होतं की तुम्ही निवडलीत तर मी काही बोलायचं नाही. पूर्ण लादलेली गाडी त्या दांड्यावर डोंगरात किती टिकेल, हे मला आकड्यात सांगता येतं. पण तुम्ही जेवायला जायच्या आधी डायरा मागच्या सीटवर चढून खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडली होती, “ही खिडकी माझी!” तुमच्यासारखं व्हायला जे लागतं ते माझ्यात आहे, हे मला त्या दुपारी कळलं. वापरलं नाही, एवढाच फरक. दुसऱ्या दिवशी मी पांढरी गाडी स्वतःच्या नावावर घेतली आणि ट्रकवर चढवून उयुनीला आणली.

बाबा नऊ वर्षांत कुठल्या गाडीखाली गेले नव्हते. मी काही सांगितलं नाही. नुसती अंगणात उतरवली. ते दोनदा भोवती फिरले. मग कोट काढून आत सरकले. बराच वेळ फक्त त्यांचे बूट दिसत होते.

“डाव्या चाकामागं,” आतून आवाज आला. “इथंच. मी त्याला सांगितलं होतं, वळताना कटकट येते. तर म्हणाला, कटकट तुझ्या कानात आहे, दादा.”

“मला कधी बोलला नाहीत, बाबा.”

“कुणाला बोलणार? तोंड उघडलं की लोक वास घ्यायचे.”

मी भंगारवाल्याने वरून मारलेली पट्टी कापून काढली. आता अर्थ. दांड्याला भोकं होती. भोकांत चिंध्या आणि पुट्टी ठासलेली. पुट्टीवर नारिंगी रंग. नारिंगीवर डांबरी काळा. अपघाताची चीर या सगळ्या थरांतून आरपार गेली आहे. नारिंगी रंग तुम्ही त्या हंगामाच्या आधी सगळ्या गाड्यांना मारून घेतला होता, हे उयुनीत सगळ्यांना आठवतं. पुट्टी त्याच्या खाली आहे. म्हणजे भोकं तुम्ही पाहिली होतीत, बुजवली होतीत, वरून रंगवली होतीत, आणि मग आपल्या भावाच्या हातात किल्ली दिली होतीत. ही पोलिसांना सांगितलेली गोष्ट नाही की नंतर फिरवता येईल. कोणता थर आधीचा आणि कोणता नंतरचा, हे शाळेतलं मूलही सांगेल.

गाडी आता आमच्या घरासमोर विटांवर उभी आहे. दारावरचा पांढरा रंग मी खरवडला. खालून नारिंगी निघाला, आणि त्यावर तुमचं नाव, मोठ्या अक्षरांत. ड्रायव्हर लोक येतात, कुणी उकिडवे बसून बघतात. संघटनेचा जुना सेक्रेटरी काल आला होता. बाबांशी हवापाण्याबद्दल बोलत राहिला. जाताना “डॉन हिलारिओन” म्हणाला. बाबांनी आत जाऊन दार लावून घेतलं.

जावईबापूंसाठी लेखी सल्ला हवा होता, तो असा. हिरवी घ्या. दांडा आतून स्वच्छ आहे, इंजिन गारठ्यात पहिल्याच झटक्याला उठतं, ती कधी मिठात गेलेली नाही. डॉन सेवेरोला सांगून ठेवलंय. हा सल्ला खरा आहे. माझ्यावर विश्वास ठेवून डायराला तिच्यात बसवायचं की नाही, हे आता तुम्हाला प्रत्येक उतारावर ठरवावं लागेल.

पाहुण्यांना तुम्ही सांगितलं असेल की मंगळवारी गाडी दारात येईल. गाडी आली नाही. तिचा तुकडा आला.

एउसेबियाची आई, डोन्या सातुर्निना, कोल्चानीहून परवा आमच्याकडे आली. तिला स्पॅनिश फारसं येत नाही, आणि गंजाबद्दल तिला समजावून सांगायची गरजही पडली नाही, सगळं आयुष्य तिने मिठाच्या ढिगांवर काढलंय. चिंध्या निघालेल्या एका भोकात तिने बोट घातलं. ते आरपार गेलं. बोट तसंच ठेवून तिने मला विचारलं, “तो आता कुठं राहतो?”

मी रस्ता सांगितला, निळं फाटक सांगितलं, मंगळवारी घरात सगळे जमलेले असतील हेही सांगितलं. तिने तुकडा मागितला. मी कापून दिला, नंबर आणि चीर दोन्ही येतील असा. तिने तो फडक्यात गुंडाळला आणि बाळ बांधतात तसा पाठीशी बांधला. लोखंड जड होतं, मी धरू का म्हटलं, तर तिने हात बाजूला केला.

ती आज दुपारच्या बसने निघाली, उद्या तुमच्याकडे पोचेल. हे पत्र मी डॉन सिप्रियानोकडे बुधवारी देणार आहे, त्याआधी नाही.

हिलारिओन उआराची यांची मुलगी,
नेल्वा