‘नाही’ म्हणायचा ऑनलाइन क्लास

१ मार्च, रविवार. सकाळी ७.१०
नोकरी काल संपली. सव्वीस वर्षं एकाच खिडकीवर काढली, खिडकी क्रमांक चार, अर्ज छाननी. ऑफिसवाले म्हणतात, आता सगळं कॉम्प्युटरवर होणार म्हणून ती खिडकी बंद केली. खरं कारण मला ठाऊक आहे. माझ्यानंतर ती सांभाळणारा माणूस त्यांना सापडला नाही.

सही निळ्या शाईत, परत. फोटोत एक कान दिसत नाही, परत. लोक मला पाठीमागे नकारघंटा म्हणायचे. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती.

काल हार गळ्यात असतानाच कल्पना सुचली. जगात अर्ध्या लोकांचं दुखणं एकच. त्यांना नाही म्हणता येत नाही. आणि माझ्या अंगात ती कला नुसती पडून आहे. ऑनलाइन क्लास काढायचा. घरबसल्या. भांडवल म्हणजे आपलं तोंड.

संकल्प: १ एप्रिलपर्यंत शंभर विद्यार्थी.

९.२०
वरच्या मजल्यावरचे काका आले. बल्ब बदलायचाय, शिडी धरायला चल म्हणाले. गेलो. दीड तास धरली. बल्ब एकच होता, पण काकांना वर चढल्यावर जुन्या आठवणी येतात. वाया काही गेलं नाही. नाही न म्हणू शकणारे लोक कसे अडकतात याचा जवळून अभ्यास झाला.

२ मार्च, सोमवार
जागेचा प्रश्न सुटला. मागची खोली. खिडकी मोठी आहे, दार नीट लागतं. सध्या तिथे बायकोचं शिलाई मशीन आणि कापायचं टेबल आहे. ती लोकांचे कपडे शिवून देते. बारा वर्षं चाललंय, वेळ जावा म्हणून. तिच्या या वेळ जाण्यातून कन्येच्या कॉलेजची फी जाते, हा एक योगायोग.

तिला योजना सांगितली. तिने विचारलं, मग मशीन कुठे जाणार. मी म्हटलं, पॅसेजमध्ये. तिने पॅसेजकडे बघितलं. बाथरूमचं दार उघडलं की ते मशीनला लागणार, एवढंच म्हणाली. मी म्हटलं, हळू उघडायचं. ती म्हणाली, बरं.

लग्नाला तेवीस वर्षं झाली. हिच्या तोंडून ‘नाही’ मी कधी ऐकलेलं नाही. खरं तर क्लासची गरज हिलाच आहे. पण घरच्यांना फुकट शिकवत बसलो तर धंदा कधी करायचा?

४ मार्च, बुधवार
मेहुणा आला. व्हिडिओतलं त्याला कळतं, निदान तो तसं म्हणतो. चेहऱ्यावर प्रकाश नसेल तर माणूस फरारी वाटतो म्हणे. एक गोल लाईट घ्यायला दोघं बाहेर पडलो. दुकानदार म्हणाला, जोडी चांगली दिसते. मग म्हणाला, दोन घेताय तर तिसऱ्यावर सूट आहे. शिवाय माईक, माईकला टोपी आणि एक स्टँड. स्टँडचं काय करायचं ते मेहुणा नंतर सांगणार आहे.

मी दुकानात नकार देणारच होतो. पण त्या माणसाने सगळं खोक्यातून बाहेर काढलं होतं. आपल्यासाठी एवढं काढलं, पुन्हा आत घालायला कसं सांगायचं?

मागे हिरवा पडदा हवा. हिला सांगितलं. संध्याकाळपर्यंत शिवून दिला. चुण्या बऱ्या आल्यात.

७ मार्च, शनिवार. सकाळी ११.३०
रेकॉर्डिंग बंद पडलं. पॅसेजमधून मशीनची खडखड. मी गंभीरपणे म्हणतोय, मित्रहो, ठाम राहा, आणि मागे खडखडखडखड.

नवा नियम केला. रोज दहा ते एक घरात शांतता. मशीन बंद.

ही म्हणाली, एका रुग्णालयाच्या कॅन्टीनचे साठ एप्रन शिवायचेत, तीस तारखेला द्यायचेत. वेळेवर आणि नीट दिले तर वर्षभराचं काम तिलाच मिळेल. कन्या म्हणते की आईने हे मला आधीही दोनदा सांगितलं होतं. असेल. माझ्या डोक्यात एवढं चाललेलं असताना एप्रन कुठे ठेवू?

दहा ते एकच्या वेळात हाताने शिवण्यासारखं काहीतरी कर, असा तोडगा मीच सुचवला. बरं म्हणाली.

१० मार्च, मंगळवार
पहिला व्हिडिओ टाकला. अकरा वेळा पाहिला गेला. त्यातल्या सात वेळा मीच, नीट चालतोय ना ते बघायला. एक प्रतिक्रिया आली. एका बाईंनी विचारलंय, मागचा पडदा कुठून शिवून घेतला.

अवांतर प्रश्नांना उत्तर द्यायचं नाही, हे धोरण ठरवलं.

१४ मार्च, शनिवार
पडदेवाल्या बाईंनी पुन्हा विचारलं. कन्येने परस्पर आईचा नंबर दिला. बाईंना सहा खिडक्या आहेत. माझ्या व्यासपीठाचा असा गैरवापर होतोय.

पहिला वर्ग फुकट ठेवायचं ठरलं. दुसऱ्यापासून फी. तारीख २२. कन्येने फॉर्म बनवून दिला आणि वर आगाऊपणे म्हणाली, बाबा, तुम्ही आधी वरच्या काकांना नाही म्हणून दाखवा. तिला समजावलं की पोहायला शिकवणारा काठावरच उभा असतो. हे समजावत असतानाच काकांनी वरून हाक मारली. त्यांना माळ्यावरच्या ट्रंका खाली घ्यायच्या होत्या. नंतर त्यांनी त्या पुन्हा वर ठेवायला लावल्या.

कंबर धरली आहे. आज काम नाही.

१८ मार्च, बुधवार
तीन फॉर्म आले! एक दातांच्या डॉक्टरीणबाई, त्यांच्याकडे नातेवाईक फुकट दात काढून घेतात. एक केकवाल्या बाई, त्यांच्याकडे ओळखीचे लोक घरचा भाव मागतात. एक शाळामास्तर, त्यांच्याकडे सगळेच सगळं मागतात.

मास्तरांनी जन्मतारखेत महिना आधी आणि दिवस नंतर लिहिला होता. सवयीने फॉर्म परत पाठवला. मग लक्षात आलं की एक तृतीयांश वर्ग परत पाठवला. माफी मागून पुन्हा बोलावलं.

शंभराच्या मानाने तीन कमी वाटतात, पण सुरुवातीला दर्जा बघायचा असतो.

२२ मार्च, रविवार. दुपारी १.३०
काय वर्ग झाला! असं शिकवणं माझ्याच्यानं पुन्हा होईल असं वाटत नाही.

तीन नियम सांगितले. पहिला, कारण द्यायचं नाही. कारण दिलं की समोरचा त्याला फाटे फोडतो. दुसरा, माफी मागायची नाही. तिसरा, नाही म्हणून झालं की गप्प बसायचं. खिडकीवर मी हेच करत आलो.

मग सराव. सरावाला खराखुरा प्रश्न हवा. मी प्रत्येकाला विचारलं, माझा पुढचा सशुल्क कोर्स घेणार का? त्यांनी नकार द्यायचा.

मास्तर चाचरत म्हणाले, बघतो, सांगतो. मी त्यांना झापलं. ‘बघतो’ म्हणजे नाही नव्हे. पुन्हा करायला लावलं. चौथ्या खेपेला त्यांनी असं खणखणीत ‘नाही’ म्हटलं की त्यांच्या घरातलं कुणीतरी धावत आलं. केकवाल्या बाईंचा नकार तर इतका गोड होता की अंगावर काटा आला. डॉक्टरीणबाईंनी नाही म्हटलं आणि स्क्रीनच बंद केला. हे तर मी शिकवलंही नव्हतं. उपजत असावं लागतं.

एकदा माईकमध्ये पॅसेजकडून बारीक ‘नाही’ ऐकू आलं. दार उघडून बघितलं. ही बंद मशीनपाशी बसून एप्रनच्या नाड्या हाताने शिवत होती. ओठ हलत होते. टाके मोजत असावी.

२४ मार्च, मंगळवार
तिघांना कोर्सचे फॉर्म पाठवून दोन दिवस झाले. उत्तर नाही. नेटचा काहीतरी घोळ आहे.

२५ मार्च, बुधवार
फोन केले.

मास्तर नाही म्हणाले. मी कारण विचारलं. ते म्हणाले, नियम पहिला.

केकवाल्या बाई नाही म्हणाल्या आणि गप्प बसल्या. मीही गप्प बसलो, नियम माझाच आहे. चार मिनिटं दोघं गप्प. शेवटी मीच बरं म्हणून ठेवला.

डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातल्या मुलीने फोन उचलला. मी नाव सांगताच म्हणाली, बाईंनी नाही सांगितलंय.

निकाल शंभर टक्के. शिक्षक म्हणून ऊर भरून आला. उद्योजक म्हणून जरा विचारात पडलो. मेहुण्याला सांगितलं तर तो इतका हसला की त्याला ठसका लागला. त्याला पाणी आणून दिलं. स्टँडचं काय करायचं ते अजून सांगितलेलं नाही.

२६ मार्च, गुरुवार
रात्र गेली की बुद्धी चालते. चूक कळली. समोरासमोर शिकवलं की लोक एकाच वर्गात तयार होतात. म्हणून आता तीस भागांची मालिका आधीच रेकॉर्ड करून ठेवायची. हळूहळू शिकवायचं. पाचव्या भागापर्यंत ‘नाही’ हा शब्द यायलाच नको.

त्यासाठी आठवडाभर सकाळी दहा ते सहा पूर्ण शांतता हवी. मशीन पॅसेजमधूनही हलवायला लागेल. बाल्कनीत जाईल, किंवा काकांकडे ठेवता येईल. एप्रन बावीस राहिलेत असं कानावर आलं. कॅन्टीनवाले आठवडाभर थांबतील. उद्या सांगतो. बरं म्हणेल.

२७ मार्च, शुक्रवार. सकाळी ९.०५
सांगितलं.

ती म्हणाली, नाही.

मला वाटलं, तिला नीट ऐकू गेलं नसेल. पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, तीस भाग, दहा ते सहा, बाल्कनी. तिने सुईत दोरा ओवला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, नाही.

कारण दिलं नाही. माफी मागितली नाही. नंतर गप्प.

मी तिथेच उभा राहिलो. मालिकेचा कागद हातात होता. आधी मनात आलं ते असं, की दहापैकी दहा गुण. उच्चार स्पष्ट, नजर सरळ. मग दुसरंच काहीतरी आठवलं. खिडकीवर मी ‘परत’ म्हटलं की लोक असेच क्षणभर उभे राहायचे, कागद हातात धरून. मला वाटायचं, रेंगाळताहेत, म्हणून मी पुढच्याला हाक मारायचो. ते रेंगाळत नव्हते. त्यांना कुठे बघावं ते कळत नव्हतं. मलाही आज कळलं नाही, मी बाथरूमच्या दाराकडे बघत होतो.

लाज वाटली. ही नोंद खोडायची नाही, असं ठरवलं आहे.

९.३०
ही आणि कन्या मशीन मागच्या खोलीत नेताहेत. पाय जड आहेत त्याचे. हिने वरच्या काकांना हाक मारली, एक टोक धरायला. काका लगेच आले. मला वाटायचं, काका फक्त बोलावतात.

१०.१५
तिन्ही लाईट तिने ठेवून घेतले. काळ्या कापडावर काळा दोरा दिसायला बरे आहेत म्हणाली. माईकची टोपी टाचण्या खोचायला घेतली. स्टँडवर तयार एप्रन अडकवलेत. मेहुण्याला कळवायला हवं.

२८ मार्च, शनिवार
मशीन सकाळी सातपासून चालू आहे. दहा ते एक सुद्धा. मी विषय काढला नाही.

अकराला तिने आतून हाक मारली. बावीस एप्रनच्या चव्वेचाळीस नाड्या शिवून झाल्या होत्या, त्या उलटवून द्यायच्या होत्या. टोकाला पिन अडकवायची आणि आतून ओढत न्यायची. किचकट काम, शंभर विद्यार्थ्यांच्या गुरूचं नव्हे. तोंड उघडलं. तीनही नियम पाठ होते.

तोंडातून निघालं, बरं.

जेवायच्या आत तीस झाल्या. तिने एकेक उजेडात धरून बघितली आणि सहा परत दिल्या. पीळ पडलाय म्हणाली. होता पडलेला.

१ एप्रिल, बुधवार. सकाळी ८.२०
एप्रन परवा वेळेवर गेले. काल कॅन्टीनचा निरोप आला, वर्षभर दरमहा साठ. पडदेवाल्या बाईंच्या बहिणीलाही पडदे हवेत. कन्येने विचारलं, बाबा, आता क्लासचं काय. मी म्हटलं, तूर्त सुट्टी.

मघाशी काका आले, शिडी धरायला चल म्हणून. मी उठतच होतो. हिने आतूनच सांगितलं, आज नाही, त्यांना काम आहे. काका बरं म्हणून गेले. एवढं सोपं असतं ते.

आज शंभर विद्यार्थी व्हायचे होते. एक झाली. तिने फॉर्म भरलेला नाही, फोटो नाही, सहीसुद्धा नाही. तरी धरली.

नव्या साठातल्या बारा नाड्या उलटवून झाल्या. एकशेआठ राहिल्यात.