सातवीचा पेपर आणि गिऱ्हाइकाचा मॉनिटर

बोईसर,
ता. १२ मार्च १९९९

ती. सौ. सुलूताईस,
धाकट्या कृष्णकांतचा नमस्कार. तुझी कंबर आता कशी आहे? भावोजींचा खोकला थांबला असेलच; नसल्यास त्यांनी विडी थांबवावी. मी ठणठणीत आहे आणि दुकानही जोरात आहे. मधले चार दिवस तेवढे वाईट गेले, ते सांगतो.

लग्नपत्रिका छापून झाल्यावर चुलत्याचं नाव राहिलं म्हणून गिऱ्हाईक भांडायला येतं, हे तुला ठाऊक आहे. त्यावर मी कॉम्प्युटरला दुसरा मॉनिटर जोडला आणि त्याचं तोंड गिऱ्हाइकांच्या बाकाकडे केलं, म्हणजे त्यांनी छापण्याआधीच बघून घ्यावं. (ही अक्कल बोईसरात अजून कोणाला सुचलेली नाही.) पण त्याच दिवसापासून माझ्यासमोरचा मजकूर गायब व्हायला लागला. मंगलाबाईंचा सातवीच्या परीक्षेचा पेपर उघडला की माझ्याकडे नुसता निळा पडदा. मंगलाबाई म्हणजे चिंचणीच्या, तुमच्या मागच्या आळीतल्या, इथे शाळेत शिकवतात त्या. मी वायरींची अदलाबदल केली, मशीन पाच वेळा बंद-चालू केलं, मॉनिटरला दोन टपल्याही दिल्या. व्होल्टेज कमी आहे, हे माझं निदान पक्कं होतं.

तेवढ्यात दांडी गावचे खंडेराव, जे मुलाच्या पत्रिकेसाठी तासभर बाकावर बसले होते, ते शांतपणे म्हणाले, "मास्तर, सातवा प्रश्न लय अवघड हाय. पोरांना नाय जमायचा."

सबंध पेपर त्यांच्या बाजूला दिसत होता, आणि शेजारी बसलेल्या, सातवीतल्या पोरांच्या दोन आया तो पिशवीतल्या वहीत उतरवून घेत होत्या. मंगलाबाईंना अख्खा पेपर नव्याने काढावा लागला. पुन्हा असं झालं तर पेपर पालघरला नेईन, असं त्या बजावून गेल्या. पेपर गेले तर जाऊ देत गं, पण त्या यायच्या बंद होतील या विचाराने मला दोन दिवस जेवण गेलं नाही. (फार चांगलं गिऱ्हाईक आहे, म्हणून.)

मग मेकॅनिकने समजावलं की कॉम्प्युटरला दोन्ही मॉनिटर मिळून एकच लांबलचक टेबल वाटतं. कागद एकदा पलीकडे सरकला की पुढच्या वेळी तिथेच उघडतो. मी ती भानगडच मोडीत काढली. आता एकाच वायरीला दोन तोंडं लावली आहेत, जे मला दिसतं तेच बाकावर दिसतं. गुप्त काम असलं की बाकाकडचा मॉनिटर बटण दाबून बंद करतो. हे पत्र कॉम्प्युटरवरच लिहितोय, म्हणून तो मॉनिटरही मघाशी बंद केलाय. माझ्या हुकुमाशिवाय आता तिथे अक्षर उमटणार नाही.

तुझा,
कृष्णकांत

ता. क. मुख्य गोष्ट राहिली. मंगलाबाईंच्या आईकडे एकदा जाऊन माझा विषय काढशील का? मी चाळिशीला आलो आणि माझं तोंड उघडत नाही. पण मंगला दारात आली की दिवस चांगला जातो. तिला एवढ्यात काही कळू देऊ नकोस.

ता. क. दुसरा. मी हे लिहीत असताना मंगलाबाई नवा पेपर तपासायला बाकावर येऊन बसल्या होत्या. तो मॉनिटर कसा चालू करायचा, हे मीच त्यांना शिकवलं होतं. वरचं सगळं त्यांनी वाचलं. त्या म्हणाल्या, "सुलूताईला कशाला मधे घालता? आई आज घरीच हाय."

तेव्हा हे पत्र टपालात टाकत नाही, पाचच्या एस.टी.ने घेऊनच येतोय. तुझ्या हातात पडेल तेव्हा मी समोरच उभा असेन. वाचत बसू नकोस, आधी भावोजींचा पांढरा शर्ट काढ.